सहसा

प्रुफाच्या एकशे बाराव्या पानावर
केळशीकरबाईंनी लिहिलं होतं,
'स्नोड्रॉप. पुण्यात येत नाही.'
पूर्णविरामासकट.

मी मुद्रितशोधक.
ऱ्हस्व-दीर्घ माझं, खरं-खोटं लेखकाचं,
अशी चाळीस वर्षांची वाटणी.
तरी पेन्सिल तिथे अडली.
'कुणी लावून पाहिलंय का?' मी समासात विचारलं.

बाईंनी उत्तर लिहिलं नाही, कंद पाठवले.
स्कॉटलंडहून आलेल्या भाच्याच्या लोकरी मोज्यात पाच,
लसणाच्या पाकळीपेक्षा जरा गोल.
सोबत चिठ्ठी:
दोन लवकर फुलणारे, तीन नेहमीचे.
कुठले कोणते, विसरले. फुलले तर तेच सांगतील.
खाऊ नका, उलट्या होतील.

ऑक्टोबरभर फ्रिजच्या तळच्या कप्प्यात,
मेथीच्या जुडीखाली, उसन्या थंडीत.
डब्यावर मी लिहिलं, 'हा लसूण नाही.'
छबूताईंचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता.
'कसला आणलाय हा, ठेचला तरी वास नाही!'
चटणी टाकून दिली. चार उरले.

एका गुरुवारी दुपारभर वीज गेली.
डबा ओल्या पंचात गुंडाळून
मी न्हाणीघराच्या फरशीवर ठेवला
आणि दर तासाला जाऊन पाहिलं,
तापातलं मूल असावं तसं.

मग कुंड्या उत्तरेच्या खिडकीत,
जिथे ऊन येतं ते समोरच्या इमारतीच्या काचेवरून,
ओशाळून, दहा मिनिटं.
पेपरात पाषाण साडेआठ आलं त्या दिवशी
मी एकटीच खूश होते सोसायटीत.

दोन कंद कुजले. बोट लावलं तर आत पाणी.
तिसऱ्याने दोन पानं काढली,
नमस्काराच्या तळव्यांसारखी, सपाट, समोरासमोर.
नेहमीचा. तिथेच थांबला तो, नमस्कार करून.
चौथ्याचं एक पान दुसऱ्याभोवती गुंडाळलेलं,
शाल घट्ट ओढून घ्यावी तसं.

अठरा डिसेंबरला त्या शालीतून दांडी आली,
आणि टोकाला पांढरं काहीतरी, मान खाली घालून.
मला वाटलं, तहानेनं वाकलं. तांब्या घेऊन धावले.
मग माझंच तपासलेलं वाक्य आठवलं:
'झुकणे हा याचा स्वभाव आहे, आजार नव्हे.'

हे फूल खालूनच वाचता येतं.
कुंडी स्टुलाच्या काठावर, अर्धी बाहेर,
आणि मी पासष्टाव्या वर्षी
गार फरशीवर उताणी, हातात भिंग.
बाहेर तीन पाकळ्या, चमच्यांसारख्या, कोऱ्या.
आत तीन आखूड, आणि प्रत्येकीच्या टोकाशी
हिरवं काकपद.
हुबेहूब. आयुष्यभर ओळींच्या पायाशी मी काढत आले ते:
इथे काही राहिलंय, घाला.
वर देठाकडे आणखी एक हिरवा ठिपका.
दोन खुणा, शालीचं पान:
लवकर फुलणारा.

फोनवर बाई म्हणाल्या, 'दांडी किती सेंटीमीटर?'
'सहा.'
'भाच्याकडे पंधरा होते.' मग,
'एका फुलानं पुणं थंड होत नाही.'
मग बराच वेळ काही नाही. मी फोन कट झाला समजले.
'वास?'
'मधाचा. पण नाक टेकवावं लागतं.'

पाच दिवस टिकलं.
छबूताईंनी पाहिलं, म्हणाल्या, 'एवढंसंच?'
आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

शेवटच्या प्रुफात, पान एकशे बारा,
'पुण्यात' आणि 'येत'च्या मधल्या फटीत
मी खालून काकपद दिलं,
समासात लिहिलं, 'सहसा'.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा शब्द.

पान परत आलं. बाईंचं अक्षर, हिरवी शाई:
'ठेवा.
पूर्णविराम मात्र माझा.'